थर मोजण्याआधी भिंत बघा: कँटनच्या हस्तिदंती चेंडूविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पणजोबा व्यापारानिमित्त चीनला जात असत. त्यांनी कँटनहून आणलेला हस्तिदंताचा जाळीदार चेंडू अजून घरात आहे. चेंडूत चेंडू, त्यात आणखी चेंडू, आणि सगळे सुटे फिरतात. हे खरंच एकाच तुकड्यातून कोरतात, की अर्धगोल चिकटवतात? थर जितके जास्त तितकं काम भारी का? खरा हस्तिदंत ओळखायचा कसा? पिवळा पडलाय, तर उजळता येईल का? आणि किंमत किती येईल?

हाड, शिंग, हस्तिदंत आणि लाकूड यांच्या जुन्या वस्तूंचं जतन आणि दुरुस्ती हे माझं काम. असे चेंडू वाटतात त्याहून जास्त घरांत आहेत, विशेषतः मुंबईत. किंमतीचं शेवटी सांगतो, कारण त्याचं उत्तर सगळ्यात छोटं आहे.

आधी पहिली शंका. हो, एकाच तुकड्यातून. सांधा नाही, डिंक नाही. सुळ्याच्या भरीव भागातून आधी लेथवर एक नितळ गोल कातून घेतात. त्यावर समान अंतरावर भोकांच्या जागा आखतात, साधारण चौदा. घनाच्या सहा बाजू आणि आठ कोपरे गोलावर टाकले की चौदा जागा मिळतात, म्हणून आखणी सोपी जाते. प्रत्येक जागी केंद्राकडे निमुळतं होत जाणारं भोक पाडायचं. इथवरचं काम कुठलाही चांगला कातारी करेल.

पुढचं मात्र वर्षानुवर्षं हात बसल्याशिवाय होत नाही. टोकाला काटकोनात वळलेलं लहानसं पातं असलेलं हत्यार भोकातून ठरलेल्या खोलीपर्यंत आत घालतात. चेंडू लेथवर फिरत असतो. ते वळलेलं पातं भोकाच्या भिंतीत शिरतं आणि आडवं कापत जातं, त्यामुळे भोकाभोवती आतल्या आत एक वक्र फट तयार होते. मग चेंडू पकडीतून काढून दुसरं भोक समोर आणायचं. तीच खोली, तोच कोन. चौदाही भोकांभोवतालच्या फटी एकमेकींना जाऊन मिळाल्या की आतला गोल सुटतो. सगळ्यात आतला गोल आधी सोडवतात आणि मग बाहेर बाहेर येतात, कारण वरचा भाग भरीव असेपर्यंत चेंडू पकडीत घट्ट बसतो. सुटलेले गोल काम चालू असताना हलू नयेत म्हणून भोकांत निमुळत्या खुंट्या बसवतात. पातं आत काय करतंय हे कारागिराला दिसत नाही. हाताला लागणारा कंप आणि आवाज, एवढ्यावर सगळं चालतं. एका भोकातून पातं अर्धा मिलिमीटर जास्त खोल गेलं, तर तिथला थर पातळ होतो किंवा शेजारच्या फटीत उघडतो, आणि कित्येक आठवड्यांचं काम फुकट जातं.

हिशेब करून बघा. दहा सेंटिमीटर व्यासाच्या चेंडूची त्रिज्या ५० मिलिमीटर. त्यात २० थर बसवायचे तर एका थराच्या वाट्याला फटीसकट अडीच मिलिमीटर येतात. ४० म्हटलं की सव्वा.

नक्षी थर सुटल्यानंतरची. आतल्या थरांवर नेहमी भौमितिक जाळी दिसते, याचं कारण साधं आहे: हत्यार जाणार भोकातूनच. कारागीर आतला गोल थोडा थोडा फिरवतो, कोरा भाग भोकासमोर आणतो, तेवढा कोरतो, पुन्हा फिरवतो. तिथे ड्रॅगन कोरायचा म्हटलं तरी कोरता यायचा नाही. बाहेरचा थर मुद्दाम जाड ठेवलेला असतो. ड्रॅगन, ढग, बागेतली माणसं, सगळी हौस त्याच्यावर. चेंडूला जोडलेली साखळी, वरची मूर्ती, खालचा दांडा हे मात्र बहुधा वेगळे तुकडे असतात आणि आट्यांनी बसवलेले असतात. ते पाहून काही लोक चेंडूही जोडलेलाच असणार म्हणतात. तसं नसतं.

ही कला किती जुनी? १३८८ साली त्साओ चाओ या जाणकाराने पुराणवस्तूंची पारख सांगणारा ग्रंथ लिहिला. आपण एक हस्तिदंती गोल पाहिल्याचं त्यात तो सांगतो: मधून आरपार छिद्र, आत कित्येक थर, सगळे फिरणारे. लोक त्याला भुताच्या हातचा चेंडू म्हणत, आणि तो सुंग राजवटीतल्या दरबारी कामाचा मानला जाई. म्हणजे चौदाव्या शतकातही ही जुनी आणि दुर्मीळ गोष्ट समजली जात होती. पुढे छिंग राजवटीत ग्वांगझौने, म्हणजे आपल्या व्यापाऱ्यांच्या कँटनने, हे काम आपलंसं केलं. वंग घराण्यात तर पिढ्यानपिढ्या हेच चाललं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थरांनी चाळिशी ओलांडली.

आता दुसरी शंका, थर जास्त म्हणजे काम भारी का? माझं मत विचाराल तर थरांची संख्या ही या कलेतली सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट. मोजायला सोपी, सांगायला सोपी, म्हणून दुकानदारांनी ती डोक्यावर घेतली. तुमच्या पणजोबांच्या काळातल्या निर्यातीच्या चेंडूंत बहुधा आठ-दहा ते पंधरा थर असतात, आणि त्यांतले काही चेंडू पुढच्या चाळीस थरांच्या चेंडूंपेक्षा मला जास्त आवडतात.

मग बघायचं काय? भिंग घ्या आणि एका भोकाच्या कडेकडे तिरकं पाहा. थरांच्या कडा एकाखाली एक उतरत गेलेल्या दिसतील. चांगल्या कामात प्रत्येक थराची भिंत भोकाच्या सगळ्या बाजूंनी सारख्याच जाडीची असते आणि मधली फटही सारखी. घाईच्या कामात एका बाजूला भिंत कागदासारखी पातळ आणि समोरच्या बाजूला दुप्पट जाड. मग भोकाच्या कडेवरून नजर आतल्या पृष्ठभागावर न्या. पात्याच्या बारीक गोल रेघा तिथे राहिलेल्या असतात. पॉलिश तिथवर पोचत नाही, म्हणून हाताची खरी ओळख तिथे लागते. त्यानंतर बाहेरच्या ड्रॅगनच्या पोटाखाली बघा. दिसणारी बाजू सगळेच नीट करतात. ढगाची मागची कड गोल करून घेतली आहे की करवतीने कापून तशीच सोडली आहे, यावरून कारागीर कळतो.

आणि चेंडू बाजूला ठेवून बोलायचं, तर चिनी हस्तिदंतकामाची खरी उंची मला चेंडूत दिसतच नाही.

त्यासाठी आधी सुळा समजून घ्यावा लागतो. हत्तीचा सुळा म्हणजे लांब वाढलेला दात. मुळाकडचा साधारण तिसरा हिस्सा पोकळ, मग भरीव, टोकाला निमुळता, आणि सगळा वाकलेला. कारागिराला या तीन गोष्टींशी जमवून घ्यावं लागतं. मुळाकडच्या पोकळ भागाचे पेले आणि कुंचले ठेवायची नळकांडी होतात. भरीव भागात मूर्ती आणि चेंडू, टोकाचे शिक्के आणि बारीकसारीक वस्तू. चीनमधल्या आन्यांग इथे १९७६ साली फू हाओ या राणीची कबर सापडली. इसवी सनापूर्वी १२००च्या आसपासची. तिच्यात हस्तिदंताचे पेले निघाले, पिरोजा जडवलेले. मुळाकडची पोकळी त्यांनी पेल्यासाठीच वापरली आहे, तीन हजार वर्षांपूर्वी. छिंगच्या आधीच्या मिंग राजवटीतल्या क्वान-यिनच्या, म्हणजे करुणेच्या देवीच्या, मूर्ती कमरेत किंचित कललेल्या असतात. तो डौल सुळ्याच्या वाकातून आलेला. वाईट कारागीर वाक लपवायला माल वाया घालवतो, चांगला त्याचीच कंबर करतो.

या क्वान-यिनचा आपल्या बाजूशीही एक धागा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून फूच्यान प्रांतातले कारागीर मनिलातल्या स्पॅनिश लोकांसाठी मेरी आणि बाळ येशूच्या मूर्ती कोरत होते. त्याच सुमारास गोव्यात पोर्तुगीजांसाठी हस्तिदंताचा बाळ येशू मेंढपाळाच्या रूपात घडत होता, खाली दगडांच्या उतरंडीवर मेंढ्या आणि झरे. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका इथल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात अशा घडणीचं काम बघता येतं. दोन्हीकडे धर्म बाहेरचा आणि हात स्थानिक. फूच्यानच्या मेरीच्या डोळ्यांच्या पापण्या आणि वस्त्राच्या चुण्या क्वान-यिनच्या, तर गोव्याच्या बाळ येशूत आपल्याकडच्या मूर्तिकलेची बैठक. अशा मूर्ती शेजारी शेजारी ठेवल्या तर मी आधी पायथा बघतो. गोव्याचा कारागीर पायथ्यावर सगळं ओततो, चिनी कारागीर वस्त्राच्या घडीवर.

पण शिखर म्हणाल तर अठराव्या शतकातला पेकिंगचा, म्हणजे आजच्या बीजिंगचा, राजवाडा. दरबारी कारखान्यांत ग्वांगतोंगमधून, म्हणजे कँटनच्या प्रांतातून, निवडून कारागीर बोलावले जात. ह्वांग चन-श्याओ हा त्यांतला एक. त्याचं १७३८ सालचं कुंचले ठेवायचं नळकांडं आज तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. वीतभरही उंची नाही. सुळ्याच्या गोलाईवर कोळ्यांचं नदीकाठचं जग: झाडं, खडक, होड्या, माणसं. हे सगळं एकामागे एक अशा पातळ्यांवर कोरलेलं आहे. पुढच्या झाडाच्या फांद्या पृष्ठभागापासून जवळजवळ सुटलेल्या, आणि त्यांच्या मागे कोरीवकाम चालूच. चेंडूत भूमिती कारागिराला सांगत असते की पुढचं पाऊल कुठे. इथे सांगणारं कोणी नाही. किती कापायचं आणि कुठे थांबायचं हे प्रत्येक फांदीला नव्याने ठरवायचं. खाली त्याने स्वतःला ‘क्षुद्र सेवक’ म्हणवत आदरपूर्वक सही केली आहे. सामान्य कारागिराला सही करायची मुभा क्वचितच मिळे, त्यामुळे ती सही हाच केवढा तरी मान.

१७४१ साली पाच कारागिरांनी मिळून बारा पानांचा एक संच केला, छन मेइ या दरबारी चित्रकाराच्या चित्रांवरून. बारा महिने, आणि त्या त्या महिन्यातले राजवाड्यातल्या स्त्रियांचे विरंगुळे. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात तो आहे. त्यात हस्तिदंत रंगवला आहे, हेही लक्षात घ्या. पांढराशुभ्र हस्तिदंत म्हणजे अस्सल ही आपली समजूत बरीचशी निर्यातीच्या मालावरून आलेली. ग्वांगझौच्या कारागिरांना पांढरा, जाळीदार, झिरझिरीत माल प्रिय, तर उत्तरेकडे बीजिंगमध्ये रंग भरलेल्या मूर्ती. यामागे हवामानही आहे. ग्वांगझौची हवा दमट, तिथे पातळ जाळी तडकत नाही. बीजिंगच्या कोरड्या थंडीत तेवढं पातळ काम धोक्याचं.

दरबारी कामाचं एक टोकाचं उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. हस्तिदंताच्या जेमतेम काही मिलिमीटर रुंद पट्ट्या काढायच्या आणि त्या विणून चटई करायची. आपल्या बांबूच्या चटईसारखी वीण, पण हस्तिदंताची, गुंडाळता येणारी. एका चटईपायी किती सुळे आणि किती माणसांचे दिवस जात असतील याचा अंदाज करा. युंगचंग सम्राटाने १७३४ साली हा अतिरेक आहे असं म्हणून ती बंद करायला लावली. सम्राटालाही जड वाटावं असं काम.

तुमचा चेंडू दरबारचा नाही, बंदरावरचा आहे. १७५७ ते १८४२ या काळात युरोपीय जहाजांना चीनमध्ये व्यापारासाठी कँटन हे एकच बंदर मोकळं होतं. मुंबईचे पारशी व्यापारीही तिथेच जात. जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी अनेकदा चीनला जाऊन आले. कापूस आणि अफू इथून जायची. चहा, रेशीम, गारा साड्यांची भरतकामं, हस्तिदंती पंखे, बुद्धिबळाचे संच आणि चेंडू तिकडून यायचे. गमतीची गोष्ट अशी की पूर्व आफ्रिकेचा हस्तिदंत झांजिबारवरून मोठ्या प्रमाणावर मुंबईला येई आणि इथून लंडनला आणि चीनला जाई. तेव्हा तुमच्या चेंडूचा सुळा मुंबईच्या बंदरातून एकदा आधी जाऊन मग चेंडू होऊन परत आलेला असणंही अशक्य नाही.

विसाव्या शतकात काम कारखान्यांत गेलं. ग्वांगझौचा ताशिन कारखाना १९५५ साली सुरू झाला, बीजिंगमध्येही मोठा कारखाना उभा राहिला. परकीय चलन हवं होतं आणि हस्तिदंत स्वस्त होता. या काळातली तांत्रिक सफाई थक्क करते, पण इथून पुढे आकडा कलेच्या वर बसला. चीनने १९७४ साली संयुक्त राष्ट्रसंघाला छंगतू-कुनमिंग रेल्वेचं हस्तिदंती शिल्प भेट दिलं, ते न्यूयॉर्कच्या मुख्यालयात आहे. डोंगर, पूल, आगगाडी, आत माणसं. ९८ कारागीर, दोन वर्षांहून जास्त काळ, आठ सुळे. म्हणजे किमान चार हत्ती. मला ते शिल्प बघताना कौतुक वाटतं आणि कंटाळाही येतो. ह्वांगच्या नळकांड्यातल्या एका होडीत जे आहे ते त्या अख्ख्या रेल्वेत नाही.

हत्तींचा हिशेब कुठल्याही अंगाने टाळता येत नाही. १९७९च्या सुमारास आफ्रिकेत अंदाजे तेरा लाख हत्ती होते, दहा वर्षांत ते जवळजवळ निम्म्यावर आले. १९८९ साली हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरली. तरीही २००८ साली आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या चार देशांना साठ्यातला माल विकायला एकदाच परवानगी मिळाली आणि चीनने सुमारे ६२ टन घेतला. त्याच्या आडून चोरटा माल ‘कायदेशीर’ म्हणून खपवणं सोपं झालं. त्याआधी २००६ साली चीनने हस्तिदंतकामाला राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घातलं होतं, आणि २०१७च्या ३१ डिसेंबरला देशांतर्गत व्यापारही बंद केला. परवाना असलेले ३४ कारखाने आणि १४३ दुकानं बंद झाली. कारागीर आता सैबेरियाच्या बर्फातून निघणारे मॅमथचे, म्हणजे नामशेष झालेल्या प्राचीन हत्तींचे, सुळे आणि बैलाचं हाड वापरतात. मॅमथचा माल भेगाळलेला आणि डागाळलेला, हाडाच्या भिंती पातळ आणि मधे पोकळी. अशा मालातून काम काढायला जुन्या पांढऱ्या सुळ्यापेक्षा जास्त डोकं लागतं, आणि काही नवं काम खरोखर चांगलं आहे, त्यात आकड्यांची मिजास कमी दिसते म्हणूनही असेल.

आता तुमच्या चेंडूकडे. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी असते. चेंडूवर ती नेहमी दिसत नाही, पण बाहेरच्या थरावर कोरीव नसलेली जागा सापडली तर तिथे शोधा. रेघांचा कोन ११५ अंशांहून जास्त असेल तर हत्ती, ९० हून कमी असेल तर मॅमथ. मधलं काही असेल तर एका रेघेवरून निर्णय नको. हाडावर बारीक काळसर ठिपके किंवा रेघोट्या दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या जागा. सेल्युलॉइडवर, म्हणजे जुन्या प्लास्टिकवर, रेघा अगदी समांतर आणि यंत्रासारख्या नियमित असतात. रेझिनच्या चेंडूत थर दोन अर्धगोल जोडून केलेले असतात, मधोमध सांध्याची रेघ भिंगातून सापडते. गरम सुई टोचून बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. जळल्याचा डाग कायमचा राहतो, आणि त्यातून जे कळतं ते भिंगातून डाग न पाडता कळतं.

पिवळेपणाला हात लावू नका. तो वयाचा पुरावाही नाही, कारण चहाच्या पाण्यात बुडवून नवा माल पिवळा करतात, आणि तो दोषही नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड, लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट हे सगळं मी लोकांच्या घरच्या वस्तूंवर झालेलं पाहिलंय. पाण्यात बुडवणं सगळ्यात वाईट, थर फुगतात, सुकताना तडकतात. खोबरेल तेल चोळायची सवय काही घरांत आहे, तीही सोडा. तेल आत मुरतं आणि धूळ धरून ठेवतं. मऊ, कोरडा ब्रश बाहेरून फिरवा, एवढंच. आतले थर टाचणीने किंवा टूथपिकने फिरवून बघू नका. फिरतात हे कळलं, पुरे झालं.

मुंबईत दमटपणापेक्षा बदल जास्त मारतो: पावसाळ्यात उघडी खिडकी आणि रात्री एसीचा झोत थेट वस्तूवर. बंद काचेच्या पेटीत, भिंतीपासून आणि दिव्यापासून लांब ठेवा. पेटीत रंगीत मखमल नको, रंग उतरतो. रबर बँडही नको, डाग पडतात. डांबराच्या गोळ्या तर मुळीच नकोत.

आणि किंमत. भारतात शून्य, कारण विकताच येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. १९८६च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१च्या दुरुस्तीने आयात आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. ‘हा मॅमथचा आहे’ म्हणून सुटका होईल असं कोणी सांगेल, पण सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली मॅमथचा हस्तिदंतही या बंदीत येतो असं स्पष्ट केलं. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर न्यायलाही कायद्याने बंदी आहे, त्यामुळे परदेशातल्या लिलावाची वाटही नाही. वारसाने आलेली वस्तू बाळगता येते, पण तिची नोंद असावी लागते. आधीच्या पिढीने मालकीचं प्रमाणपत्र घेतलं होतं का ते जुन्या कागदांत शोधा. सापडलं नाही तर वकिलाला सोबत घेऊन मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयात जा, आणि तोवर चेंडू कोणाला भेट देऊ नका, कुरियरने पाठवू नका. त्याचे फोटो इंटरनेटवर टाकण्याआधीही ही नोंद उरकून घ्या.